‘घर बंद’ हा शेरा

दत्तूकाका पोस्टमन दारात येऊन “जेवलात काय?” असं विचारायचा, तेव्हा आमच्या वाडीतल्या बायकांच्या हातातलं काम थांबायचं. मयताची तार असली, मुंबईहून कुणाच्या दुखण्याचं पत्र असलं, तर माणसाच्या पोटात चार घास गेल्याशिवाय ते हातात द्यायचं नाही, असा त्याचा नियम होता. जेवण व्हायचं असेल तर तो सायकल आंब्याला टेकवून पडवीत बसायचा आणि कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या मांडवाला किती माणूस आलं, असल्या गोष्टी करत राहायचा. आत ताटं वाढली जायची, पण ज्याला अंदाज आलेला असे तो ताटातला भात नुसता चिवडत बसे. मला लहानपणी या माणसाची भीती वाटायची. नंतर कळलं की वाईट टपाल पिशवीत जरा जास्त वेळ सांभाळणं हेही पोस्टाचंच काम आहे, असं तो मनापासून मानायचा. तो खालच्या कुणबीवाडीतला, आमची बौद्धवाडी चढावर. आमच्याकडे तो बशीत ओतून चहा प्यायचा, आणि त्या दिवसांत खालचे सगळेच काही आमच्याकडे चहा पीत नसत.

माझे बाबा गवंडी. बोर्ली पंचतनच्या बाजारापासून चालत अर्ध्या तासावर आमचं घर, जांभ्या चिऱ्याचं. ते त्यांनी स्वतः बांधलं, तेही एका दमात नाही. दर उन्हाळ्यात लोकांची घरं पुरी करून झाली की पावसाआधी जे आठ-पंधरा दिवस उरत त्यात आमच्या भिंतींचे दोन थर चढायचे. माझ्या चौथीत खिडकीच्या चौकटी बसल्या, सातवीत पुढच्या खोलीवर स्लॅब पडला. त्या स्लॅबवर ओली गोणपाटं अंथरून मी आणि आई आठवडाभर पाणी मारत होतो, आणि रात्री सगळ्या घराला ओल्या सिमेंटचा वास यायचा. आजही कुठे नवं बांधकाम दिसलं की मला आईनं चुलीवर भाजलेला जवळा आणि तांदळाची भाकरी आठवते, कारण त्या आठवड्यात आम्ही दुसरं काही खाल्लं नव्हतं. बाबा चौथी शिकलेले. मराठी अक्षर लावून वाचत, पण कागद आला की तो माझ्याच हातात द्यायचे. “मित्रा, बघ गो काय म्हणतंय,” म्हणायचे आणि शेजारी उकिडवे बसून मी वाचेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघायचे. माझं नाव संघमित्रा. वाडीत पंधरावीपर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी.

मी चौदावीला होते त्या वर्षी बाबांनी घर तारण ठेवून एका कंपनीकडून कर्ज काढलं. काँक्रीटचा मिक्सर आणि सेंट्रिंगच्या प्लेटी घेतल्या. लोकांच्या हाताखाली राबण्यापेक्षा स्लॅबची कामं स्वतः उचलायची, असा बेत. तारणाच्या कागदांवर आईचीही सही होती. सहा महिने बेत नीट चालला. मग एका बंगल्याच्या कामावर परांचीचा बांबू सटकला आणि बाबा खाली आले. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. मिक्सर परसात ताडपत्रीखाली उभा राहिला, हप्ते थांबले, आणि बाबा पुढच्या खोलीत स्वतःच घातलेल्या स्लॅबकडे बघत महिनोन्महिने पाठीवर पडून राहिले.

पहिली पाकिटं आली तेव्हा मी घरातच होते. दत्तूकाकानं दारातून विचारलं, “जेवलात काय?” आईच्या हातातून पळी पडली. “न्हाय न्हाय, तसलं काय न्हाय,” तो घाईनं म्हणाला. “रजिस्टर हाय, कंपनीचं. दोन पाकिटं. एक तुझं, एक वैनीचं. सही लागंल.”

बाबांनी अंथरुणावरूनच हात वर केला. “दत्तू, मला नको देऊस ते.”

“अरं पण आलंय.”

“सही केली तर लागू होतं. न्हाय केली तर न्हाय लागू होत. तुला म्हायत हाय.”

हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. कोर्टाचं समन्स असो, भाऊबंदाची नोटीस असो, कागद हातात घेतला नाही तर तो आपल्याला चिकटत नाही. माझ्या आज्ज्यानं म्हणे एक समन्स असंच तीन वर्षं चुकवलं होतं. मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होते, माझ्या पुस्तकांत कायद्याचा एक विषयही होता, आणि तरी मला त्या क्षणी वाटलं की बाबांचं बरोबर आहे.

दत्तूकाकानं पाकिटं उलटसुलट केली. “मंग नकार दिला म्हनून लिवू? तसं लिवलं तर तुझ्यावर येतं, बाबा. त्यापरीस घर बंद लिवतो. घर बंद म्हंजी कोनाचा दोष न्हाय.” पडवीतल्या बाकावर पाकिटं ठेवून त्यानं आमच्या उघड्या दारात बसून दोन्हींवर ‘घर बंद’ असं लिहिलं. आईनं त्याला चहा दिला. तिसरं पाकीट महिन्याभरानं आलं. तेही तसंच परत गेलं, आणि त्या दिवशी आईनं त्याला चहाबरोबर बोरं घातलेलं लोणचंही बांधून दिलं.

मग काही दिवस काहीच झालं नाही. मला वाटतं, तेच दिवस सगळ्यात वाईट होते. कुबडी घेऊन बाबा उठायला लागले. दुपारच्या वेळी सगळ्या वाडीत फक्त त्यांच्या कुबडीचा फरशीवरचा आवाज असायचा. पुढच्या खोलीतून मागे, मागून पुढे. चढावर कुठल्याही गाडीनं गिअर बदलला की तो आवाज थांबायचा. गाडी पुढे गेली की पुन्हा सुरू. आईनं कोंबड्या विकल्या. बऱ्यापैकी भांडी धुऊन, वाळवून एका गोणीत भरली आणि गोणी पोटमाळ्यावर ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, “उंदीर झालेत.”

एका सकाळी जीप चढून आमच्याच दारात थांबली. तीन माणसं उतरली, कुणी आवाज चढवला नाही. एकानं डब्यातली खळ ब्रशनं दरवाज्याला फासली, दुसऱ्यानं कागद चिकटवला, तिसऱ्यानं बाबांना म्हटलं, “काका, जरा बाजूला उभे राहा, फोटोत दार पूर्ण यायला पाहिजे.” बाबा बाजूला झाले. मग तो म्हणाला, “नाही, तुम्ही पण या फोटोत. दाराशेजारी.” आणि बाबा, ज्यांनी ती चौकट स्वतः तासली होती, शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहिले. जीप गेल्यावर मी कागद वाचला. घराचा ताबा कंपनीनं घेतला आहे, या मालमत्तेबाबत कुणीही व्यवहार करू नये. खाली आमच्या घराची चतुःसीमा: पूर्वेस पायवाट, पश्चिमेस आंबा. तीच नोटीस दोन वर्तमानपत्रांत आली. बोर्लीच्या सलूनमध्ये ती मोठ्यानं वाचली गेली, हे आम्हाला दोन दिवसांत कळलं.

त्याच आठवड्यात मोटारसायकलवरून एक गृहस्थ आला, मुंबईकडचा, चांगल्या बोलीचा. त्यानं अंगणातून घराला एक फेरी मारली, चिऱ्यावरून हात फिरवला आणि पाणी मागितलं. आईनं तांब्या दिला. “समुद्र किती लांब इथून?” त्यानं विचारलं. बाबांनी सांगितलं. “भिंती छान आहेत हो,” तो म्हणाला. “पण पाडावंच लागेल. नवीनच बांधू.” तो गेल्यावर बाबांनी त्याच चिऱ्यावरून हात फिरवला. संध्याकाळी आईनं अंगण सारवायला घेतलेलं शेण तसंच उकिरड्यावर टाकून दिलं.

आम्ही ज्या वकील गाठल्या त्या अलिबागला होत्या. दिघीहून लाँचनं आगरदांडा, तिथून मुरुड, रेवदंडा करत एसटीनं अलिबाग. कुबडीनिशी बाबांना लाँचमध्ये उतरवायला दोन खलाशी लागले. शबाना मॅडमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं आणि बाबा त्या पायऱ्या बसून, एकेक करत चढले. मॅडम पन्नाशीच्या, तोंडाच्या फटकळ. त्यांनी आमची कापडी पिशवी टेबलावर पालथी केली.

“साठ दिवसांची नोटीस आली असणार. हरकत पाठवली?”

“नोटीस मिळाली न्हाय,” बाबा म्हणाले.

“सगळे हेच सांगतात. आता दारावर कागद लागल्यापासून पंचेचाळीस दिवसांत मुंबईला अर्ज जायला पाहिजे. त्यातले अठरा तुम्ही घरी बसून घालवलेत. शाब्बास.” त्यांनी कंपनीकडून पाकिटांच्या प्रती मागवल्या. दुसऱ्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा त्या टेबलावर होत्या. मॅडमनी शेरे वाचले, मग दवाखान्याचे कागद वाचले, मग पुन्हा शेरे. चष्मा काढून त्या एकदम हसल्या.

“तीनही पाकिटांवर घर बंद. आणि त्याच तारखांना तुम्ही मांडीला प्लास्टर घालून खाटेवर. घर बंद कसं असेल? कुलूप काय उशाला घेऊन झोपला होता? अहो, ‘घेण्यास नकार’ लिहिलं असतं ना, तर नोटीस पोचली असंच धरलं असतं, आणि मी तुम्हाला चहा पाजून परत पाठवलं असतं. पोस्टमननं खोटा शेरा मारलाय. नोटीस बजावलीच गेली नाही. सगळी कारवाई कोसळते, काका!” मग त्यांनी बाबांच्या तोंडाकडे बघितलं. “तुम्ही त्याला तसं लिहायला सांगितलं होतंत का? नाही, थांबा. सांगू नका मला.”

बाबा हळूच म्हणाले, “दत्तूवर काय आणायचं न्हाय, मॅडम.”

“घर जाईल.”

“त्याची दोन वर्सं ऱ्हायलीत नोकरीची. तुम्ही मुदत मागा. मी उभा ऱ्हायलो की फेडतो.”

“मुदत!” मॅडम म्हणाल्या आणि कागद गोळा करायला लागल्या. बाबा बसून बसून जिना उतरत होते तेव्हा मॅडमनी मला मागे थांबवलं. “तुझे वडील भले आहेत. भल्या माणसांची घरं जाताना मी खूप बघितलीत. नुसती मुदत कुणी देत नाही. मी मसुदा दोन्ही तऱ्हेनं करून ठेवते. शिकलेली तूच आहेस ना घरात? मग कुठला टाईप करायचा ते तू कळव.”

मी दोन दिवसांनी बोर्लीच्या बाजारातून फोन केला. मी काय विचार केला ते इथे मोठं करून सांगण्यात अर्थ नाही. आईची पोटमाळ्यावरची गोणी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ‘पाडावंच लागेल’ म्हणणारा तो माणूस. दत्तूकाकाला थोडा ओरडा बसेल, फार तर एखादं पत्र येईल, असं मी स्वतःला सांगितलं. फोनवर मी इतकंच म्हटलं, “पोस्टाचा मुद्दा घ्या, मॅडम.”

प्रतिज्ञापत्र इंग्रजीत होतं. नोटरीच्या बाकावर, कोर्टाच्या आवारातल्या झाडाखाली, बाबा माझ्या शेजारी बसले आणि नेहमीसारखं माझ्या तोंडाकडे बघायला लागले. “वाच, मित्रा.” मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. कर्ज कधी घेतलं, अपघात कसा झाला. सातव्या परिच्छेदात लिहिलं होतं की पाकिटांवरचा शेरा खोटा आहे आणि पोस्टाचा कुणीही माणूस कधीच घरी आला नाही. मी म्हणाले, “इथं पाकिटांचं लिहिलंय, परत गेली म्हणून.”

“दत्तूचं नाव न्हाय ना यात?”

“नाव नाही, बाबा.”

नाव खरंच नव्हतं. बाबांनी जपून, प्रत्येक अक्षर वेगळं काढत सही केली. त्यांच्या सहीखाली आणखी एक ओळ होती: वरील मजकूर अर्जदाराला मराठीत समजावून सांगितला. तिथे समजावणाऱ्याची सही लागत होती. मी माझं पूर्ण नाव लिहिलं. नोटरीनं विचारलं, “शिक्षण?” आणि माझ्याआधी बाबाच म्हणाले, “पंधरावी.” त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो मला इतक्या वर्षांत विसरता आलेला नाही. परतताना लाँचवर वारा होता. बाबांनी आपला टॉवेल माझ्या डोक्यावर घातला.

मॅडमचं म्हणणं खरं ठरलं. मुंबईतल्या कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणानं आधी स्थगिती दिली आणि काही महिन्यांनी कंपनीची कारवाई रद्द केली. नव्यानं नोटीस काढायची मुभा त्यांना होती, पण तोवर बाबा कामावर उभे राहिले होते, मिक्सर विकला गेला होता, आणि कंपनी तडजोडीला तयार झाली. वाडीनं आमच्या दारात पेढे खाल्ले. बाबांना वाटलं, मॅडमनी मुदत मागितली आणि ती मिळाली. ते दत्तूकाकाला म्हणाले, “बघ, खरं बोललं की हुतं.” मी आत चहा टाकत होते.

कंपनीनं पोस्टाकडे तक्रार केली होती. एका दुपारी पोस्टाचे निरीक्षक जबाब घ्यायला आमच्या घरी आले. दत्तूकाकाला त्यांनी बरोबर आणलं होतं. त्याच्या खांद्यावर पिशवी नव्हती, आणि पिशवीशिवाय तो एका बाजूला कललेला दिसत होता. साहेब पडवीत त्याच बाकावर बसले. न्यायाधिकरणातल्या आमच्या प्रतिज्ञापत्राची प्रत त्यांनी फाईलमधून काढली.

“तुम्ही शपथेवर म्हटलंय की हा पोस्टमन तुमच्या घरी कधीच आला नाही. बरोबर?”

बाबांना प्रश्न कळला नाही. “कोन म्हनला?”

“तुम्ही. ही तुमची सही. सातवा परिच्छेद.”

बाबांनी कागद हातात घेतला. इंग्रजी अक्षरांकडे बघितलं, आपल्या सहीकडे बघितलं, मग खालच्या माझ्या सहीकडे. त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, जसे ते नेहमी बघायचे. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला त्या क्षणी जे दिसत होतं ते सरळ होतं: बाबा खरं बोलणार, मग शपथ खोटी ठरणार, घर जाणार आणि शपथेखाली सही करणारी मीही अडकणार. बाबांचं तोंड उघडलं.

“तू गप रे,” दत्तूकाका अंगणातून म्हणाला. तो साहेबांकडे वळला. “साहेब, ह्याला काय इचारता? हा खाटेवर पडलेला मानूस. मी आलोच न्हाय हितं. वाडी चढावर हाय, ऊन हुतं. कंटाळा केला. खाली बसूनच शेरा मारला.”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही येळा.”

“इतक्या वर्षांची नोकरी तुमची. असा कंटाळा यापूर्वी किती वेळा केलात?”

दत्तूकाकानं आंब्याकडे बघितलं. हा प्रश्न येईल असं त्याला वाटलं नसावं. आंब्याखाली आमच्या वाडीतली सात-आठ माणसं जमली होती. त्यातल्या प्रत्येकाच्या दारात तो चढून आलेला होता. “केला असंल, साहेब,” तो म्हणाला. “आता काय आठवत न्हाय.”

साहेबांनी जबाब मराठीत लिहून काढला आणि विचारलं, वाचून कोण दाखवेल. वाडीतलं कुणीतरी म्हणालं, आमची मित्रा वाचते की, पंधरावी झालीय. मी वाचला. पोस्टमन घरी आला नाही, असं मी माझ्या तोंडानं सगळ्यांसमोर वाचलं. दत्तूकाकानं सही केली, मग बाबांनी केली. आईनं चहा केला होता, पण साहेबांना घाई होती. जाताना दत्तूकाकानं आमच्याकडे बघितलं नाही. साहेबांच्या मागून, मागे मागे पडत तो चढ उतरून गेला. दोन महिन्यांत त्याला नोकरीवरून काढलं. निवृत्तीला जे थोडंफार मिळायचं तेही गेलं.

बाबा मला रागावले नाहीत. मी वाट बघत होते. पदवीचा निकाल लागला तेव्हा त्यांनी बोर्लीहून पेढे आणले आणि स्वतःच्या हातानं मला भरवले. आज मी एका सरकारी कचेरीत लेखापाल आहे, माझ्यासमोर रोज कुणी ना कुणी कागद ठेवून माझ्या तोंडाकडे बघत असतं, आणि मी प्रत्येक ओळ, नको असली तरी, मोठ्यानं वाचून दाखवते. साहेब लोक हसतात. माझं शिक्षण, माझा पगार, डोक्यावरचं छप्पर, सगळं त्या घरातून आलं, आणि त्याबद्दलची कृतज्ञता मी कधीच विसरले नाही. पण ती कुणाकुणाकडे बोलून दाखवायची राहिली, तेही मला माहीत आहे.

तडजोडीची शेवटची रक्कम भरल्यावर कर्ज फिटल्याचं पत्र रजिस्टर पोस्टानं आलं. पोस्टमन नवा होता, तरुण, मोटारसायकलवरचा. बाबांनी न कुरकुरता सही केली. मी पदराला हात पुसत बाहेर आले आणि पाकीट घ्यायला हात पुढे केला. बाबांनी ते न फोडताच सदऱ्याच्या खिशात ठेवलं, काठी घेतली आणि चढ उतरायला लागले. आईनं मागून हाक मारली, “कुठं निघालात या उनात? मित्रा हाय की घरात.”

“दत्तूकडं,” बाबा मागे न वळता म्हणाले. “वाचून घेतो.”